नको म्हणायची जागा

इंग्लंडच्या उत्तरेला, रॉशडेलहून बसने सहज जाता येईल अशा एका गावात काउन्सिलची वसाहत होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव गोष्टीतलं आहे. पण कापडगिरण्या बंद पडलेली, पावसाने कायम ओली आणि भाड्याच्या घरांनी भरलेली अशी गावं तिकडे खरोखर होती आणि आहेत. वसाहतीत चार मजल्यांच्या तीन इमारती. प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं आणि दोन्ही टोकांना जिने. घरांची मालक काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका. भाडं ती ठरवणार, घर कोणाला द्यायचं ते ती ठरवणार, छत गळलं तर माणूसही तीच पाठवणार. कधी पाठवणार, ते विचारायचं नाही.

१९९६ च्या सुमाराची गोष्ट. हिवाळ्यात तिकडे चार वाजताच अंधार पडतो, आणि नेमक्या त्या दिवसांत मधल्या इमारतीच्या जिन्यातले दिवे गेले. लोकांनी काउन्सिलला फोन केले. फोनवरच्या मुलीने तक्रारीचा नंबर दिला. पुन्हा फोन केला, तर नवा नंबर मिळाला. एका घरात असे पाच नंबर जमले, दिवा मात्र एकही लागला नाही. मग दुसऱ्या मजल्यावरची एक बाई दुधाच्या बाटल्या घेऊन चढताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. त्याच आठवड्यात भाडेकरू संघाची सभा भरली.

संघाचा अध्यक्ष गिरणीतला जुना मुकादम होता. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय अजून गेली नव्हती. चहा मागितला तरी भाषण केल्यासारखं वाटे. माणूस मनाने चांगला. खजिनदार होती एक म्हातारी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला होता. संघाकडे पैसे म्हणजे चहा-बिस्किटांचे आणि नाताळच्या जेवणाचे, पण ते ती वहीत पेनीपर्यंत लिहून ठेवी.

सभेत अध्यक्षाने एक कागद फडकवला. “आता तक्रारी बंद,” तो म्हणाला. “आता ही वसाहत आपणच चालवायची. सरकार पैसे द्यायला तयार आहे!”

तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. १९९३ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या भाडेकरूंना व्यवस्थापनाचा हक्क मिळाला आणि १९९४ मध्ये त्याचे नियम आले. किमान २५ घरांचा समूह असला, भाडेकरूंनी आपली संस्था काढली, त्या भागातल्या निदान २० टक्के भाडेकरूंना तिचं सभासद करून घेतलं, की ती संस्था काउन्सिलला नोटीस देऊ शकत होती: आमच्या घरांचा कारभार आम्ही बघतो. घरं काउन्सिलचीच राहणार, कारभार भाडेकरूंचा. आणि हे आपल्याला झेपेल का, हे आधी तपासून बघण्यासाठी अनुदान होतं. १९८६ च्या कायद्याच्या १६ व्या कलमावरून लोक त्याला सोळा कलमाचे पैसेच म्हणत. आधी पाहणी, मग शिकवणी, मग मतदान असा तो रस्ता होता, आणि बहुसंख्य भाडेकरूंनी होकार दिल्याशिवाय शेवटचं दार उघडत नव्हतं.

हे काही एका रात्रीत कोणाला सुचलं नव्हतं. सरकारच्याच एका प्रकल्पातून १९७९ पासून पडक्या वसाहतींमध्ये प्रयोग चालू होते. अ‍ॅन पॉवर नावाच्या अभ्यासक बाई त्यात होत्या. काउन्सिलने ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला न ठेवता वसाहतीतच उघडावं आणि भाडेकरूंना बरोबर घ्यावं, हे त्यांचं मुख्य सांगणं. साधं सांगणं होतं, म्हणूनच ते पटवायला वर्षं लागली असावीत. शिवाय त्या काळात सरकारने काउन्सिलांवर घरांचा कारभारही निविदा काढून देण्याची सक्ती चालवली होती. उद्या कुठली तरी कंपनी येऊन आपलं भाडं गोळा करणार, त्यापेक्षा आपणच केलेलं बरं, असंही बऱ्याच वसाहतींत लोक बोलत होते. हेतू काही सगळेच उदात्त नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला रॉशडेल हे नाव शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतं. १८४४ मध्ये तिथल्या २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड घालून टोड लेनवर दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या विकायला ठेवल्या. एक सभासद, एक मत. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत सहकाराचं जे झाड वाढलं, त्याच्या मुळाशी तेच नियम आहेत. पण त्या २८ जणांनी दुकान उघडण्याआधी पैसे साठवण्यात बराच काळ घालवला होता, हे भाषणांत सहसा येत नाही. अध्यक्षाच्याही भाषणात रॉशडेल आलं, साठवणूक आली नाही.

अर्ज त्याने घरी बसून एका बैठकीत लिहिला. अक्षर सुरेख. लिहिलं असं: वसाहतीतले सर्व भाडेकरू या मागणीच्या पाठीशी एकमुखाने उभे आहेत. आम्ही दिवे, जिने, रंग, लिफ्ट, कचरा, भाडेवसुली, घरवाटप, सगळं काउन्सिलपेक्षा स्वस्तात आणि चांगलं करू. अर्जात शेवटी एक प्रश्न होता: पाहणी झाल्यावर भाडेकरूंनी नको म्हटलं, तर काय कराल? तिथे त्याने लिहिलं, ‘हा प्रश्न उद्भवत नाही.’

नियमाप्रमाणे खजिनदाराचीही सही लागत होती. अध्यक्ष कागद घेऊन म्हातारीकडे गेला. तिने चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत केला.

“मी सही करणार नाही.”

“का? काय चुकलं?”

“आपल्या इमारतींना लिफ्टच नाही.”

अध्यक्ष खजील झाला. लिफ्ट खोडतो म्हणाला.

“आणि सगळे आपल्या पाठीशी आहेत हे तुला कोणी सांगितलं? सभेला अकरा माणसं होती. त्यातली तीन बिस्किटांसाठी येतात. मला माहीत आहे, बिस्किटं मीच आणते.”

“अर्जात असंच लिहायचं असतं,” अध्यक्ष म्हणाला. “जोरात लिहिलं नाही तर पैसे कोण देणार?”

“पैसे कशासाठी मागतोयस?”

“शोध घ्यायला. जमेल की नाही ते बघायला.”

“मग तुला आधीच सापडलेलं असेल, तर पैसे कशाला हवेत? आणि सापडलेलं नसेल, तर हे सगळं लिहिलंस कुठून?”

या दोन प्रश्नांवर अध्यक्षाकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नसतं. अनुदानाचे अर्ज मी पुष्कळ वाचले आहेत, आपल्याकडचे आणि बाहेरचेही. ज्या पाहणीसाठी पैसे मागायचे, तिचा निष्कर्ष अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहायची रीत सगळीकडे सारखीच आहे. देणाऱ्यालाही तेच आवडतं. खात्री असलेल्या माणसाला पैसे देणं त्याला सुरक्षित वाटतं. मग पाहणी होते, तिच्यात जे आधी लिहिलं होतं तेच निघतं, आणि सगळे समाधानाने अहवालाचं प्रकाशन करतात.

म्हातारी म्हणाली, “आधी दारं वाजवू. मग लिहू.”

त्यांनी दारं वाजवली. संध्याकाळी, टॉर्च घेऊन, कारण जिन्यात दिवा नव्हता. अध्यक्ष बोलायचा, म्हातारी वहीत लिहायची. पहिल्या काही दारांनंतर तिने त्याला बोलायचं बंद करून नुसतं उभं राहायला सांगितलं.

पहिल्या इमारतीत लोकांना दिवे हवे होते, कचऱ्याच्या नळीतला वास जायला हवा होता, आणि गॅलरीत सायकल चालवणाऱ्या पोरांना कोणीतरी दटावायला हवं होतं. ती पोरं आपलीच आहेत हे कोणी म्हणत नव्हतं. एका घरात नवऱ्याने सवलतीत काउन्सिलकडून घर विकत घेतलेलं होतं. १९८० च्या कायद्यापासून भाडेकरूंना तसा हक्क होता. तो म्हणाला, “मी आता भाडेकरू नाही. पण छत दुरुस्त केलंत तर माझ्या वाट्याचं बिल मला येणार. तुम्ही चार हौशी लोक कंत्राटदार ठरवणार आणि मी पैसे भरणार, असंच ना?” म्हातारीने लिहून घेतलं.

दुसऱ्या इमारतीत एका बाईने दार अर्धंच उघडलं. कारभार म्हणजे भाड्याच्या चोपड्याही तुमच्याकडे येणार का, असं तिने विचारलं. अध्यक्ष म्हणाला, हो, अर्थात.

“मग नको,” बाई म्हणाली. “माझी थकबाकी आहे. काउन्सिलमधल्या मुलीला माझं तोंड माहीत नाही. तुम्हाला आहे. तुम्ही मला रोज जिन्यात भेटता. मी परक्याचे पैसे देणं लागते तेच बरं.”

दार बंद झालं. अध्यक्ष काही बोलला नाही. तो का बोलला नाही ते पुढे येईल. आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा प्रसंग समजावून सांगायला नको. थकबाकीदारांची यादी खाली फळ्यावर लावायची की नाही, या एका प्रश्नावर किती कमिट्या फुटल्या आहेत!

तिसऱ्या इमारतीत तळमजल्याला एक पाकिस्तानी कुटुंब होतं. बाप रात्रपाळीच्या कामासाठी कापडगिरणीत आलेल्या पिढीतला. गिरणी गेली, तो टॅक्सी चालवू लागला. दोन खोल्यांत सात माणसं. इतक्या वर्षांत संघाचं कोणी त्याच्या दारात आलं नव्हतं. त्याने दोघांना आत बसवलं, चहा दिला, मुलीला मधोमध बसवून दुभाषी केलं. इंग्रजी त्याला चांगलं येत होतं, पण ही बोलणी नीट व्हावीत अशी त्याची इच्छा होती. दिव्यांचं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं,

“रिकामं घर कोणाला द्यायचं, हे तुम्ही ठरवणार?”

“ठरवू शकू,” अध्यक्ष म्हणाला.

“मी मोठ्या घरासाठी सहा वर्षं काउन्सिलच्या यादीत आहे. यादी वाईट आहे, पण ती कागदावर आहे. तुमच्या कमिटीत माझ्यासारखा एक तरी आहे का? नाही. मग घर रिकामं झालं की ते तुमच्या पुतण्याला जाईल. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही म्हणत. तुम्हाला पुतण्या आहे म्हणून म्हणतो.”

अध्यक्षाला खरोखरच पुतण्या होता, आणि तो घर शोधत होता. म्हातारीने हेही लिहून घेतलं. परत येताना तिने जिन्यात थांबून अध्यक्षाला सांगितलं, “बघ, आपण घराची किल्ली मागायला निघालोय. किल्ली मागणाऱ्याला झाडू पण घ्यावा लागतो. आणि झाडताना कोणाच्या घरातलं काय बाहेर येईल ते आपल्या हातात नसतं.”

गोष्टीचा बोध म्हणून कोणाला एखादं वाक्य हवं असेल, तर ते हेच. पण गोष्ट इथे संपत नाही.

नवा अर्ज म्हातारीच्या वहीतून निघाला. त्यात ‘आम्ही करू’ अशी वाक्यं फार थोडी होती. ‘आम्हाला माहीत नाही’ अशी होती. जिन्यातला एक दिवा बदलायला काउन्सिलला किती खर्च येतो, माहीत नाही. भाड्याची चोपडी शेजाऱ्याच्या हातात गेली तर लोक भाडं लवकर देतील की लपवतील, माहीत नाही. घरवाटप आमच्याकडे असावं का, याबद्दल आमच्यातच एकमत नाही. घर विकत घेतलेल्यांचं बिल कसं ठरेल, माहीत नाही. आणि शेवटच्या प्रश्नाखाली, लोक नको म्हणाले तर काय कराल, तिथे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘नको म्हणाले तर काउन्सिलकडेच तक्रारी करत राहू. पण तेव्हा दिव्याला किती पैसे लागतात ते माहीत असेल, म्हणजे तक्रार नीट करता येईल.’

अध्यक्षाने नाक मुरडलं. असल्या अर्जाला कोण पैसे देणार, असं तो बरेच दिवस म्हणत राहिला.

पैसे मिळाले. त्यात चमत्कार काही नव्हता. पलीकडच्या टेकडीवरच्या वसाहतीने अध्यक्षाच्या पद्धतीचा दणदणीत अर्ज पाठवला होता, त्यांनाही मिळाले. सरकारला दोन्ही अर्ज चालले. प्रामाणिक अर्जाला बक्षीस आणि फुशारकीला शिक्षा असं झालं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

फरक पडला तो पैसे आल्यानंतर. टेकडीवरच्या लोकांना शोधायचं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी पैसे पत्रकांवर आणि सभांवर घातले, उत्साहाच्या भरात मतदान जिंकलं आणि सगळाच कारभार घेतला. दोन वर्षांत तो चार माणसांच्या हातात आला. ती चार माणसं काउन्सिलपेक्षा वाईट नव्हती, पण काउन्सिलइतकीच दूर गेली; आणि काउन्सिलला शिव्या देता येत होत्या, तशा त्यांना देता येत नव्हत्या, कारण ती आपलीच होती ना!

इथे गोष्टीबाहेरचं एक खरं उदाहरण सांगायला हवं. लंडनच्या केन्सिंग्टन आणि चेल्सी या भागात १९९६ मध्ये याच हक्काखाली भाडेकरूंची संस्था उभी राहिली. एका वसाहतीची नव्हे, त्या सगळ्या भागातल्या काउन्सिलच्या घरांची. नावात भाडेकरू होते, संचालक मंडळावरही होते. १४ जून २०१७ च्या रात्री तिच्याच कारभाराखालचा ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. दोषी पुष्कळ होते: पेटणारं आवरण बनवणारे, ते बसवणारे, डोळेझाक करणारं सरकार आणि काउन्सिल. पण २०२४ च्या चौकशी अहवालात या संस्थेबद्दल जे आहे ते वाचवत नाही. रहिवासी आणि संस्था यांच्यात अविश्वास आणि कटुता मुरली होती. धोक्याबद्दल लिहीत राहणाऱ्या रहिवाशांकडे त्रास देणारे म्हणून पाहिलं जात होतं. पाटीवर भाडेकरू असणं आणि भाडेकरूंचं ऐकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे फार महागात कळलं.

आपल्या वसाहतीकडे परत येऊ. अनुदानातून त्यांनी एक सल्लागार नेमली. बाई कमी बोलायची आणि काउन्सिलकडून हिशेब मागत राहायची. काउन्सिलने द्यायला वेळ लावला, पण दिले. जिन्यातला दिवा बदलायचा तर काउन्सिलला गावाच्या दुसऱ्या टोकाहून गाडी पाठवावी लागे. गाडी, दोन माणसं, फॉर्म, पुन्हा तपासणीला तिसरा माणूस. दिवा त्यात सगळ्यांत स्वस्त होता. वसाहतीत राहणारा एखादा केअरटेकर शिडी घेऊन तेच काम चहाच्या आधी करू शकला असता. म्हणजे अध्यक्षाचं निम्मं बरोबर होतं.

निम्मं चूकही होतं. कारभार घेतला तर काउन्सिल त्या घरांवर जो खर्च करते त्या हिशेबाने संस्थेला भत्ता मिळणार होता. वाचलेले पैसे वसाहतीत वापरता येणार होते. पण छत, भिंती, पाइप अशी मोठी कामं काउन्सिलकडेच राहणार. भाडं कमी करणं तर हातातच नव्हतं, ते काउन्सिलच ठरवणार. आणि बऱ्याच घरांचं भाडं सरकारी मदतीतून परस्पर जमा होत असे. ते भाडेकरूच्या हाताला लागतच नसे. ‘आम्ही वसुली सुधारू’ म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहिलेलं नव्हतं. टेकडीवरच्यांनी तर नंतरही पाहिलं नाही.

मग शिकवणी. चेस्टरजवळ ट्रॅफर्ड हॉल नावाची जुनी हवेली आहे. वसाहतीतल्या लोकांना कारभार शिकवण्यासाठी तिथे निवासी वर्ग चालत. कमिटी तिकडे गेली. कोणी हिशेब शिकलं, कोणी सभा चालवायला शिकलं, म्हातारीने मुख्यतः तिथल्या स्वयंपाकघरात डोकावून घेतलं. संध्याकाळी सल्लागार बाईने संस्थेच्या नियमांचा नमुना वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: भाडं थकलेल्या माणसाला कमिटीवर बसता येणार नाही.

अध्यक्ष उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. कोणी काही म्हणालं नाही. पुढच्या सभेत मात्र त्याने स्वतःच सांगितलं. पत्नीच्या आजारपणात भाडं थकलं होतं, आणि हप्त्याने फेडायचा करार त्याने कालच काउन्सिलशी केला होता. त्याने अध्यक्षपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि मग, पहिल्यांदाच हळू आवाजात, बोलला.

“त्या बाईने दार लावलं तेव्हा मला वाटलं, बरोबर बोलतेय. मीही परक्याचे पैसे देणं लागण्यातच खूश होतो. पण आता वेगळं वाटतं. तीन महिने मला कोणी काही विचारलं नाही. चौथ्या महिन्यात एकदम कोर्टाची धमकी असलेला कागद आला. पहिल्याच महिन्यात कोणी दार वाजवलं असतं, काय झालं विचारलं असतं, तर मदतीचा फॉर्म तेव्हाच भरला असता. परका माणूस लाज राखतो हे खरं. पण परक्याचं पत्र येतं तेव्हा उशीर झालेला असतो.”

यावर दोन तट पडले, आणि ते शेवटपर्यंत पूर्ण मिटले नाहीत. एकीकडे अर्धं दार उघडणारी बाई, आता सभेला येऊ लागलेली. दुसरीकडे माजी अध्यक्ष. दोघांचंही म्हणणं आपापल्या अनुभवाचं होतं. शेवटी ठरलं ते असं: थकबाकीबद्दल पहिला महिना उलटला की दार वाजवायचं, पण ते कमिटीवाल्याने नाही, बाहेरगावच्या पगारी माणसाने. चोपडी त्याच्याच कपाटात, किल्ली त्याच्याकडे. कोर्टकचेरी काउन्सिलकडे. घरवाटपही काउन्सिलच्या यादीतच राहू द्यायचं. आपण घ्यायचं ते साफसफाई, दिवे, जिने, बारीक दुरुस्त्या. तसा करार करता येत होता. सगळंच घ्यायचं असं कायद्यात कुठेही नव्हतं. ते फक्त अध्यक्षाच्या पहिल्या अर्जात होतं.

मतदान गुप्त होतं. होकार आला, पण मोठ्या फरकाने नाही. नको म्हणणारे बरेच होते, आणि ते कोण हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं, गुप्त मतदानाचं काय घेऊन बसलात.

तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्याने म्हातारीला वाटेत थांबवून सरळ सांगितलं, “मी नको म्हणून मत दिलं. घरवाटप आज काउन्सिलकडे आहे. उद्या तुम्ही तेही मागाल.”

“मागूही,” म्हातारी म्हणाली. “म्हणूनच तुम्ही कमिटीवर या.”

“मी विरोधात मत दिलं, म्हटलं ना.”

“ऐकलं मी. हो म्हणणारे आहेतच आमच्याकडे. हिशेब त्यांच्याकडे दिला तर ते आनंदाने मान डोलावतील. मला तपासणारा हवाय.”

तो विचार करतो म्हणाला. घरी जाऊन बायकोशी बोलला, मुलीशी बोलला. मुलगी म्हणाली, जा, पण बिस्किटं खायला जाऊ नका. पुढच्या महिन्यात तो आला. रात्रीची फेरी चुकवून आला होता, त्यामुळे घाईत होता. नवी अध्यक्ष ती अर्ध्या दाराची बाई होती. माजी मुकादम आता रंगकामाचं बघत होता, आणि त्याने मोठ्या अभिमानाने जिन्याच्या रंगाचं बिल वाचायला सुरुवात केली.

टॅक्सीवाल्याने हात वर केला. “रंगाचे डबे किती आले?”

“बारा.”

“बिल चौदाचं आहे.”

मुकादमाने चष्मा शोधला, बिल पुन्हा वाचलं, मग डबे मोजायला टॉर्च न घेताच खाली गेला. सभा त्या रात्री फार लांबली, आणि म्हातारीने वहीत पहिल्यांदाच चहाचा खर्च अंदाजापेक्षा जास्त लिहिला.